गरीब देश एकमेकांचे डॉक्टर कसे घडवतात?

एखाद्या देशात डॉक्टर कमी आहेत म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, मेडिकल कॉलेज काढा. पण कॉलेज काढायला शिकवणारे लागतात आणि शिकवणारे म्हणजे परत डॉक्टरच, जे मुळात नाहीयेत म्हणून तर हा सगळा खटाटोप. बरं, नुसते शिकवणारे असून भागत नाही. शवविच्छेदनाची सोय पाहिजे, लॅब पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरलेलं, चालतं हॉस्पिटल पाहिजे जिथे विद्यार्थ्याला सगळ्या तऱ्हेचे पेशंट रोज बघायला मिळतील. आता पॅसिफिक महासागरातला तुवालू हा देश घ्या, लोकसंख्या जेमतेम ११ हजार. एवढ्या लोकांत बाळंतपणं किती होणार, हार्ट अटॅकचे पेशंट किती येणार, वर्गभर विद्यार्थ्यांचा हात बसायला तेवढे पुरतच नाहीत. अशा देशाने स्वतःचं कॉलेज काढणं शक्य नाही, आणि काढूही नये.

मग दुसरा रस्ता, मुलं बाहेर पाठवा. श्रीमंत देशात पाठवली तर खर्च झेपत नाही, आणि खर्चापेक्षा मोठी अडचण ही की त्यातली बरीच परत येत नाहीत. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. सहा-सात वर्षं ज्या मशिनींवर, ज्या टेस्टवर विसंबून शिकलो त्यातलं काहीच गावच्या दवाखान्यात नसेल, वर पगारही तुटपुंजा, तर माणूस जिथे शिकला तिथेच राहायचं बघतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये मांडलेला एक आकडा मला अजूनही अस्वस्थ करतो: जगातल्या आजारपणाच्या एकूण ओझ्यापैकी २४ टक्के ओझं आफ्रिका विभागावर, आणि जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी तिथे फक्त ३ टक्के. त्या ३ टक्क्यांतूनही माणसं बाहेर जातातच.

तिसरा रस्ता म्हणजे विकसनशील देशांनी एकमेकांचे डॉक्टर घडवायचे. ज्याच्याकडे शिकवणारे आहेत त्याने शिकवायचं, ज्याच्याकडे नाहीत त्याने मुलं पाठवायची किंवा मास्तर बोलवायचे, किंवा चार-सहा देशांनी मिळून एकच कॉलेज चालवायचं. संयुक्त राष्ट्रांच्या भाषेत याला दक्षिण-दक्षिण सहकार्य म्हणतात, इथे दक्षिण म्हणजे विकसनशील देश. याचा मूळ कागद म्हणजे अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला १२ सप्टेंबर १९७८ ला मंजूर झालेला कृती आराखडा, ज्यात १३८ देश होते. आणि अगदी त्याच दिवशी तिकडे सोव्हिएत संघात अल्मा आटा इथे दुसऱ्या परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा मंजूर झाला, की आरोग्यसेवा लोकांच्या दारापर्यंत गेली पाहिजे, फक्त मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात अडकून राहता कामा नये. ठरवून झालं नव्हतं हे, पण डॉक्टर घडवण्याच्या या सगळ्या प्रकारात पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे दोन्ही विचार एकमेकांत मिसळलेले दिसतात.

तसं पाहिलं तर कागद यायच्या कितीतरी आधी हे काम चालू झालं होतं. फिजीचं उदाहरण बघा. १८७५ मध्ये गोवराच्या साथीने तिथले हजारो लोक गेले, लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याइतके गेले असावेत असं मानतात. मग १८७९ मध्ये लिओनिडास नावाचं जहाज भारतातून गिरमिटिया मजूर घेऊन तिथे पोचलं आणि जहाजावर कॉलरा आणि देवी दोन्ही होते. त्या भीतीतून देवीची लस टोचायला स्थानिक मुलांना शिकवायचं ठरलं आणि १८८५ च्या सुमारास सुवा शहरात छोटी मेडिकल शाळा उभी राहिली. सुरुवातीला ती फिजीपुरती होती, पण १९२८ पासून आजूबाजूच्या बेटांवरची मुलंही तिथे यायला लागली. अर्थात तेव्हा ही जवळजवळ सगळी बेटं परकीय सत्तेखाली होती, त्यामुळे त्याला सहकार्य म्हणणं जरा जास्तच होईल, पण व्यवस्था मात्र टिकली, आणि बेटं स्वतंत्र झाल्यावर त्यांनीच ती पुढे चालवली. आज ती फिजी नॅशनल युनिव्हर्सिटीचा भाग आहे आणि पॅसिफिकमधल्या कितीतरी छोट्या देशांचे डॉक्टर तिथूनच बाहेर पडतात.

कॅरिबियनमध्येही असंच. १९४८ मध्ये जमैकात मोना इथे वेस्ट इंडीजच्या युनिव्हर्सिटीची सुरुवात झाली ती ३३ मेडिकल विद्यार्थ्यांपासून, म्हणजे बाकी कुठलीही शाखा नव्हती तेव्हा डॉक्टरकीची होती. वेस्ट इंडीजची क्रिकेट टीम आपल्याला माहीत असते, पण ज्या छोट्या छोट्या बेटांची मिळून ती टीम आहे त्यातल्या बऱ्याच बेटांची युनिव्हर्सिटीही एकच आहे हे फारसं कुणाला माहीत नसतं. पुढे या देशांनी मेडिकल कॉलेजं तपासून मान्यता देणारी स्वतःची एक सामायिक संस्थासुद्धा उभी केली. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मान्यता द्यायला दरवेळी लंडनकडे बघत बसावं लागलं असतं तर अभ्यासक्रमही लंडनलाच साजेसा राहिला असता.

आता क्युबा. या विषयात क्युबाला टाळून पुढे जाताच येत नाही.

१९५९ मध्ये क्युबात क्रांती झाली तेव्हा तिथे सुमारे ६ हजार डॉक्टर होते, आणि पुढच्या काही वर्षांत त्यातले जवळजवळ निम्मे देश सोडून गेले. म्हणजे ज्या देशाची स्वतःचीच आरोग्य व्यवस्था खिळखिळी झाली होती त्याने १९६३ मध्ये पन्नासहून जास्त डॉक्टर-नर्स वगैरे मंडळी अल्जीरियाला पाठवली, कारण फ्रेंच गेल्यावर अल्जीरियात फारच थोडे डॉक्टर उरले होते. त्याच वर्षी चीननेही आपली पहिली मेडिकल टीम अल्जीरियालाच पाठवली, हुबेई प्रांतातून, आणि चीनची ती पद्धत, की एकेका प्रांताने आफ्रिकेतल्या एकेका देशाची जबाबदारी घ्यायची, अजून चालू आहे. पण ही झाली मदत, म्हणजे आपले डॉक्टर तिकडे पाठवायचे आणि दोन-तीन वर्षांनी दुसरे पाठवायचे. यात तिथला माणूस डॉक्टर होत नाही.

हा फरक क्युबाला खरा जाणवला १९९८ मध्ये. त्या वर्षी आधी जॉर्जेस आणि मग मिच अशी दोन भयंकर चक्रीवादळं मध्य अमेरिका आणि कॅरिबियनवर आदळली, एकट्या मिचमध्ये १० हजारांहून जास्त लोक गेले, होंडुरास आणि निकाराग्वाचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. क्युबाच्या टीम तिकडे गेल्या आणि त्यांना असे भाग दिसले की जिथल्या लोकांनी वादळाच्या आधीही कधी डॉक्टर बघितला नव्हता. आपण परत गेलो की इथे पुन्हा कोणी नसणार, हे उघड होतं. त्यातून ठरलं की इथल्याच गरीब घरातली मुलं नेऊन फुकट शिकवायची. हवानाच्या पश्चिमेला समुद्रकाठी नौदलाची एक अकादमी होती, ती रिकामी करून तिथे १९९९ मध्ये लॅटिन अमेरिकन स्कूल ऑफ मेडिसिन सुरू केलं, स्पॅनिश नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला एलाम म्हणतात. फी नाही, राहणं-जेवण-पुस्तकं फुकट, वर थोडा खिसाखर्च. बदल्यात कायदेशीर बाँड नव्हता, परत जाऊन जिथे डॉक्टर नाही तिथे काम करीन असं नैतिक वचन घेत होते. पहिली बॅच २००५ मध्ये बाहेर पडली, सुमारे दीड हजार डॉक्टर, आणि तेव्हापासून १०० हून जास्त देशांतले मिळून ३० हजारांच्या आसपास डॉक्टर तिथे तयार झालेत. त्यात अमेरिकेतली मुलंसुद्धा आहेत, गरीब वस्त्यांतली, ज्यांना स्वतःच्या देशात मेडिकलची फी परवडणं शक्य नव्हतं.

शिक्षण कसं असतं तेही बघितलं पाहिजे, कारण नुसत्या आकड्यांवरून काही कळत नाही. कोर्स सहा वर्षांचा. स्पॅनिश येत नसेल तर आधी भाषा शिकायची, शाळेत विज्ञान कच्चं राहिलं असेल तर तेही भरून काढायचं, आणि ही सोय फार महत्त्वाची कारण नाहीतर प्रवेश परत चांगल्या शाळेत शिकलेल्यांनाच मिळाला असता. पहिली दोन वर्षं एलाममध्ये, मग मुलं देशभरातल्या वेगवेगळ्या मेडिकल युनिव्हर्सिटीत विभागली जातात. क्युबात १९८४ पासून फॅमिली डॉक्टर आणि नर्स यांची जोडी वस्तीतच राहते आणि ठराविक घरांची जबाबदारी घेते, विद्यार्थी त्यांच्याबरोबर घरोघर फिरतात. कोणाला बीपी आहे, कोण गरोदर आहे, कोणाच्या घरात पाणी कुठून येतं, हे सगळं तपासणीचाच भाग मानतात. भारी मशिनी कमी, हाताने तपासणं आणि पेशंटशी बोलणं जास्त. ज्या गावात एक्स-रेही नाही तिथे जाणाऱ्या डॉक्टरला हे शिक्षण उपयोगी पडणार यात शंका नाही.

पण खरी परीक्षा घरी परतल्यावर सुरू होते, आणि हाच भाग या विषयावर बोलताना सगळे घाईघाईने उरकतात.

पहिली अडचण लायसन्सची. एका देशाची डिग्री दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही, चालूही नये, कारण पेशंटच्या जिवाचा प्रश्न असतो. प्रत्येक देशाची मेडिकल कौन्सिल स्वतःची परीक्षा घेते किंवा काही महिने परत ट्रेनिंग करायला लावते. ब्राझीलमध्ये या परीक्षेला रेवालिदा म्हणतात, भारतात बाहेरून डिग्री घेऊन आलेल्यांसाठी २००२ पासून अशी परीक्षा आहे. यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करून बघायला हव्यात: एक म्हणजे दर्जाची खरी काळजी, आणि दुसरी म्हणजे आधीपासून धंद्यात असलेल्या डॉक्टरांच्या संघटनांना नको असलेली स्पर्धा. लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी एलामच्या पोरांना दोन्हींना तोंड द्यावं लागलं. होंडुरासच्या गॅरिफुना समाजातला, म्हणजे आफ्रिकन वंशाच्या किनारपट्टीवरच्या समाजातला, लुथर कास्तियो हा पहिल्याच बॅचचा डॉक्टर. त्याने आणि त्याच्या बरोबरच्यांनी सिरिबोया गावात लोकांना हाताशी धरून स्वतःच हॉस्पिटल बांधलं आणि २००७ मध्ये सुरू केलं. पुढे २०२२ मध्ये तो देशाचा विज्ञान खात्याचा मंत्री झाला. मला या गोष्टीचं कौतुक आहेच, पण त्याच वेळी हेही वाटतं की प्रत्येक नवीन डॉक्टरने आधी स्वतःचं हॉस्पिटल बांधावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. त्याच्यासाठी जागा, पगार, औषधं ही तयारी त्याच्या सरकारने सहा वर्षं आधी सुरू करायला हवी होती, सहा वर्षं हातात होती ना.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. डॉक्टर जिथे शिकतो तिथले आजार शिकतो. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण यात सगळ्यात स्पष्ट आहे. वर्णभेद संपल्यावर १९९० च्या दशकात मंडेला आणि कॅस्ट्रो यांच्या सरकारांनी करार केला आणि १९९७ पासून दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण, गरीब भागातली मुलं क्युबाला जायला लागली. आता क्युबात एचआयव्हीचं प्रमाण खूप कमी, टीबी कमी, सुरे-बंदुकीच्या जखमा कमी, बाळंतपणं तज्ज्ञांच्या हाताखाली होतात. उलट दक्षिण आफ्रिकेत जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नवखा डॉक्टर रात्री एकटा असतो, त्याला सिझेरियन करता आलं पाहिजे, पाठीत भूल देता आली पाहिजे, एचआयव्ही आणि टीबी एकत्र झालेला पेशंट सांभाळता आला पाहिजे. म्हणजे क्युबाचं शिक्षण वाईट होतं असं नाही, ते क्युबासाठी चांगलं होतं. म्हणून मग अशी व्यवस्था केली की शेवटचा भाग, साधारण वर्ष-दीड वर्ष, घरी परत येऊन दक्षिण आफ्रिकेच्या युनिव्हर्सिटीत करायचा आणि तिथलीच अंतिम परीक्षा द्यायची. कल्पना अगदी बरोबर. पण २०१२ मध्ये पाठवायच्या मुलांची संख्या एकदम वाढवली आणि २०१८ मध्ये जवळजवळ ७०० जण एकाच वेळी परत आले, तेव्हा युनिव्हर्सिटींची फार धावपळ झाली, वॉर्ड, शिकवणारे, हॉस्टेल सगळंच अपुरं. घराला नवीन मजला चढवायचा तर आधी पाया बघावा लागतो, तसं बाहेर सीट वाढवायच्या आधी घरचं हॉस्पिटल किती विद्यार्थी पेलू शकेल हे मोजायला हवं.

पॅसिफिकमध्ये हीच गोष्ट छोट्या प्रमाणात झाली. किरिबाटी, सॉलोमन बेटं, वानुआतू, तुवालू इथली मुलं क्युबाहून शिकून आली आणि लक्षात आलं की तिथल्या बाकीच्या डॉक्टरांची कामाची पद्धत फिजीच्या कॉलेजची आहे, इंग्रजीत आहे, आणि इथे दूरच्या बेटावर एकट्याने सगळं निभवावं लागतं. मग किरिबाटीने आपल्याच हॉस्पिटलात या डॉक्टरांसाठी खास इंटर्नशिप सुरू केली, जिथे आधीच्या शिक्षणातल्या राहिलेल्या जागा भरून निघतील. सॉलोमनमध्येही तशीच सोय करावी लागली. छोट्या देशांनी मोठ्या समजूतदारपणे हे केलं असं मला वाटतं, मुलांना नापास ठरवून मोकळे झाले नाहीत.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगतो कारण त्यात नेहमी गल्लत होते. एजंटला पैसे भरून दुसऱ्या विकसनशील देशात मेडिकलला जाणं हा बाजार आहे, सहकार्य नाही. वाईट आहे असं म्हणत नाही, लाखो मुलं तसंच शिकतात आणि त्यातून चांगले डॉक्टर होतात. पण त्यात दोन देशांनी बसून ठरवलेलं काही नसतं, परत आल्यावर कुठे लागणार, कुठले आजार शिकायचे, शेवटचं वर्ष कुठे करायचं, हे सगळं एकट्या विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या आईबापांच्या गळ्यात. सहकार्य म्हणजे ही जोखीम दोन सरकारांनी वाटून घेणं. बातमीत करार झाला असं वाचलं की मी तरी आधी हेच शोधतो, सीट किती आहेत ते नंतर.

आता उलटा प्रकार, म्हणजे मुलं जाण्याऐवजी मास्तर येतात. मला स्वतःला हा जास्त आवडतो. क्युबानेच १९७० च्या दशकापासून येमेन, इथिओपिया, गयाना, गिनी-बिसाऊ, गांबिया, इक्वेटोरियल गिनी, एरिट्रिया अशा देशांत मेडिकल कॉलेजं उभारायला शिकवणारे पाठवले. यातलं पूर्व तिमोर म्हणजे तिमोर-लेस्तेचं काम सगळ्यात सलग दिसतं. इंडोनेशियाच्या ताब्यातून सुटताना १९९९ मध्ये झालेल्या हिंसाचारात तिथले दवाखाने जळाले, इंडोनेशियाचे डॉक्टर निघून गेले, २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा स्वतःचे डॉक्टर मोजके काही डझन. फेब्रुवारी २००३ मध्ये क्वालालंपूरला अलिप्त राष्ट्रांची परिषद होती, तिथे तिमोरचे नेते शनाना गुस्माव आणि फिडेल कॅस्ट्रो भेटले आणि त्यातून स्कॉलरशिपचा करार झाला, पुढे जागा वाढवत हजारापर्यंत नेल्या. तिमोरची मुलं हवानाला गेली, क्युबाचे डॉक्टर तिमोरच्या गावागावात आले, आणि २००५ मध्ये तिमोरच्याच राष्ट्रीय युनिव्हर्सिटीत मेडिकल शाखा सुरू झाली. शिकवणारे तेच क्युबन डॉक्टर, जे गावात पेशंट बघत होते. विद्यार्थी पहिल्या वर्षापासून त्यांच्याबरोबर दवाखान्यात. २०१० पासून डॉक्टर बाहेर पडायला लागले आणि पुढच्या काही वर्षांत शेकड्यांनी तयार झाले. देशात तेव्हा ४४२ सुको होते, सुको म्हणजे गावांचा एक गट, आणि प्रत्येक सुकोत एक डॉक्टर असं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी ज्या देशात मोजकेच डॉक्टर होते तिथे हे उद्दिष्ट गंभीरपणे बोलता येणं हीच मोठी गोष्ट होती.

भारतानेही हे केलंय, जरी त्याची चर्चा कमी होते. नेपाळमध्ये धरान इथे १९९३ मध्ये बी. पी. कोइराला यांच्या नावाची आरोग्य विज्ञान संस्था भारताच्या मदतीने उभी राहिली. तिथली एक पद्धत नावाजण्यासारखी आहे, विद्यार्थ्यांना फक्त धरानच्या हॉस्पिटलात न ठेवता पूर्व नेपाळच्या जिल्ह्यांच्या हॉस्पिटलांत पाठवून शिकवायचं, म्हणजे तो जिल्हाच शिकवणीचा भाग होतो. सॅटेलाइटवरून शिकवायचा प्रयोगही भारताने केला, २००४ मध्ये राष्ट्रपती कलाम यांनी आफ्रिकेत मांडलेल्या कल्पनेतून २००९ मध्ये पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क सुरू झालं, भारतातली मोठी हॉस्पिटलं आफ्रिकेतल्या हॉस्पिटलांशी जोडली, लेक्चर आणि पेशंटबद्दल सल्ला दोन्ही त्यावरून चालायचं, आणि २०१९ मध्ये त्याचंच पुढचं रूप इंटरनेटवर आलं. आधीपासून काम करणाऱ्या डॉक्टरला नवीन माहिती द्यायला हे छान. पण स्क्रीनवर बघून पोटाला हात लावून दुखणं ओळखता येत नाही, त्यामुळे पहिल्या डिग्रीची जागा ते घेऊ शकत नाही.

आणखी एक प्रकार आहे ज्यात मुलंही फारशी हलत नाहीत आणि मास्तरही नाही, फक्त अभ्यासक्रम आणि परीक्षा एक असते. आफ्रिकेच्या पूर्व, मध्य आणि दक्षिण भागातल्या देशांनी मिळून १९९९ मध्ये सर्जनांचं एक कॉलेज स्थापन केलं, त्याचं ऑफिस टांझानियात अरुशाला आहे, पण कॉलेजची इमारत, वर्ग असं काही नाही. इथिओपिया, केनिया, मलावी, झांबिया वगैरे देशांतला डॉक्टर आपल्याच देशातल्या मान्यता मिळालेल्या हॉस्पिटलात सीनियर सर्जनच्या हाताखाली काही वर्षं ऑपरेशन शिकतो, केलेल्या ऑपरेशनची नोंद ठेवतो आणि शेवटी सगळ्या देशांची मिळून एकच परीक्षा देतो, परीक्षकही वेगवेगळ्या देशांतले. याचा फायदा असा की एकट्या मलावीला सर्जरीचा पूर्ण कोर्स चालवणं जड गेलं असतं, पण एकत्र येऊन दर्जा ठेवता येतो आणि डॉक्टर आपला देश सोडत नाही. या कॉलेजमधून झालेल्या सर्जनांचा नंतर मागोवा घेतला तेव्हा सुमारे ८५ टक्के जण जिथे शिकले त्याच देशात काम करताना आढळले, आणि आफ्रिकेत राहिलेले ९० टक्क्यांच्या वर. डॉक्टर बाहेर जातात म्हणून हताश होणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. घराजवळ शिकवलं की माणूस घराजवळ राहतो, निदान शक्यता तरी खूप वाढते.

पैशाचा विषयही सांगितला पाहिजे, नाहीतर हे सगळं फारच गोड वाटेल. एलामच्या स्कॉलरशिप मोफत होत्या, पण क्युबा जे डॉक्टर बाहेर कामाला पाठवतो त्यात बऱ्याच देशांकडून सरकारला पैसे मिळतात आणि ते देशाच्या उत्पन्नाचं मोठं साधन आहे. व्हेनेझुएलाबरोबर तर डॉक्टरांच्या बदल्यात तेल असा व्यवहार झाला. ब्राझीलने २०१३ मध्ये मोठी योजना आणली, तिथे क्युबाचे एका वेळी ११ हजारांच्या आसपास डॉक्टर होते, ब्राझील पैसे भरत होतं आणि डॉक्टरच्या हातात त्यातला लहान हिस्सा पडत होता. २०१८ च्या शेवटी तिथे राष्ट्राध्यक्षपदी नवे निवडून आलेले बोल्सोनारो म्हणाले की पूर्ण पगार डॉक्टरलाच द्या आणि त्यांची परीक्षा घ्या, तेव्हा क्युबाने ८ हजारांहून जास्त डॉक्टर काही आठवड्यांत परत बोलावले आणि अ‍ॅमेझॉनमधले, दुर्गम भागातले दवाखाने ओस पडले. डॉक्टरला त्याच्या कामाचा योग्य मोबदला मिळायला हवा आणि त्याला स्वतःच्या मर्जीने राहता-जाता यायला हवं, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण त्या गावांतल्या पेशंटचं काय हा प्रश्न त्या भांडणात कोणीच नीट विचारला नाही. आणि तिथेच कळतं की भाड्याने आणलेला डॉक्टर आणि गावातून घडवलेला डॉक्टर यात किती फरक आहे, राजकारण फिरलं की पहिला एका रात्रीत जाऊ शकतो.

कधी कधी पैसे तिसराच देश देतो. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर क्युबाच्या डॉक्टरांच्या कामाला नॉर्वेने पैसे दिले, मालीमधल्या क्युबन डॉक्टरांचा खर्च दक्षिण आफ्रिकेने उचलला. याला त्रिकोणी सहकार्य म्हणतात आणि ते बरंच व्यवहार्य आहे, ज्याच्याकडे माणसं आहेत त्याने माणसं द्यायची, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने पैसा.

मात्र श्रीमंत देश दुसऱ्या हाताने काय घेतात हेही बघा. गरीब देशाने पै-पै करून डॉक्टर घडवायचा आणि तो तयार झाल्यावर मोठ्या पगारावर श्रीमंत देशाने उचलायचा, हे वर्षानुवर्षं चाललंय. याला आळा घालायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये भरतीची आचारसंहिता केली, आणि २०२३ मध्ये ५५ देशांची यादी काढली जिथे आरोग्य कर्मचारी इतके कमी आहेत की तिथून मुद्दाम भरती करू नये. पण ही संहिता ऐच्छिक आहे, मोडली तर दंड नाही, आणि एखाद्या डॉक्टरने स्वतःहून अर्ज केला तर त्याला अडवता येत नाही, अडवूही नये. त्यामुळे शेवटी जोर परत तिथेच येतो, शिक्षण कुठे दिलं आणि कामाची जागा कशी तयार ठेवली.

सध्या बऱ्याच देशांत पुढची अडचण सुरू झालीय ती स्पेशालिस्टची. तिमोरसारख्या देशात साधे डॉक्टर झाले, पण सर्जन, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, डोळ्यांचे डॉक्टर हे घडवायला प्रत्येकी आणखी चार-पाच वर्षं आणि त्या विषयाचं मोठं हॉस्पिटल लागतं, त्यासाठी परत बाहेरच बघावं लागतं. आणि इथे घाई केली तर काय होतं ते केनियात दिसलं. २०१८ मध्ये केनियाने क्युबाहून १०० स्पेशालिस्ट आणले आणि आपले ५० डॉक्टर फॅमिली मेडिसिन शिकायला क्युबाला पाठवले. फॅमिली मेडिसिनचा कोर्स केनियात एल्डोरेटच्या मोई युनिव्हर्सिटीत २००५ पासूनच चालू होता. केनियातल्या डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं होतं की देशात बेकार डॉक्टर आहेत, देशात कोर्स आहे, मग तोच पैसा इथे का लावत नाही, आणि मला त्यांचं म्हणणं बरंचसं पटतं. २०२३ मध्ये केनियाच्या नव्या सरकारने क्युबन डॉक्टरांचा करार पुढे न वाढवायचं जाहीर केलं.